आपत्ती ओसरल्यावर मनांचे काय होते, हे कसे मोजतात?

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सीना नदीला महापूर आला आणि सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांत पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. त्यांच्या नमुन्यात पडलेली भिंत, वाहून गेलेले जनावर, भिजलेले धान्य, खरवडून गेलेली जमीन अशा सगळ्यांसाठी रकाने असतात. त्यानंतर कित्येक आठवडे पावसाचा आवाज कानी पडताच झोपेतून दचकून उठणाऱ्या माणसासाठी मात्र तिथे रकाना नसतो. असा रकाना तयार करणे, तो घरोघरी जाऊन भरणे आणि भरलेल्या हजारो रकान्यांतून समाजाच्या मनाविषयी काही ठामपणे सांगता येते का हे तपासणे, या कामाला काही संशोधकांनी आपले आयुष्य दिले आहे. वैद्यकशास्त्राच्या या शाखेविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, आणि सोलापूरसारख्या जिल्ह्याला तिची गरज फार आहे, म्हणून हा लेख.

आधी व्याख्या पक्की करून घ्यावी लागते, कारण ती सैल असेल तर पुढच्या मोजणीला अर्थ राहत नाही. मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांना स्वतः सामोरे जाणे, ते डोळ्यांदेखत घडताना पाहणे किंवा अगदी जवळच्या माणसावर असा प्रसंग गुदरल्याचे कळणे, अशा घटनांना संशोधनात मानसिक आघात म्हणतात. त्यानंतर काहींना जो विकार जडतो, तो आघातोत्तर ताणविकार, म्हणजेच पीटीएसडी. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे अनुभव समोर आल्यानंतर, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत नियमावलीत त्याला स्थान दिले. या विकारात घटना नको असताना पुन्हा पुन्हा मनात उसळते, तिची आठवण करून देणारी ठिकाणे आणि माणसे टाळली जातात, मनात अपराधीपणा आणि उदासी घर करते, आणि शरीर सतत सावध राहिल्यामुळे झोप व एकाग्रता दोन्ही जातात. हे सगळे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि रोजच्या कामात अडथळा येऊ लागला, तरच निदान होते. पुरानंतर आठवडाभर झोप उडणे हा आजार नव्हे, हे इथे स्पष्ट सांगितलेले बरे.

आघात ही दुर्मिळ गोष्ट आहे असा आपला समज असतो, पण तो खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २४ देशांत झालेल्या घरोघरच्या पाहण्यांत सुमारे ७० टक्के लोकांनी आयुष्यात किमान एक आघाताचा प्रसंग अनुभवल्याचे सांगितले, तर आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेल्यांचे प्रमाण जेमतेम ४ टक्के निघाले. नाओमी ब्रेस्लाऊ यांनी डेट्रॉइट परिसरात केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून तर आणखी वेगळीच बाब पुढे आली. पीटीएसडीच्या सर्वाधिक रुग्णांमागे, म्हणजे जवळपास एक तृतीयांश रुग्णांमागे, असलेला प्रसंग युद्धाचा किंवा भूकंपाचा नव्हता. तो होता जवळच्या माणसाचा अचानक, अनपेक्षित मृत्यू. वर्तमानपत्रात ज्याची चौकटीतही बातमी येत नाही, असा.

मग प्रश्न असा उरतो की, बहुतेक माणसे सावरत असतील तर न सावरणारी कोण, आणि ती का सावरत नाहीत? रुग्णालयात बसून याचे उत्तर मिळत नाही. मनोविकार विभागाच्या ओपीडीत येतात ते ज्यांना त्रास असह्य झाला, ज्यांच्या घरच्यांनी तो ओळखला, ज्यांना रजा मिळाली आणि एसटीचे भाडे परवडले, असेच लोक. न आलेल्यांत किती आजारी आहेत आणि किती ठणठणीत, हे केसपेपरवरून कळू शकत नाही.

व्यक्तीचा आजार आणि समाजातले आजाराचे प्रमाण यांतला फरक सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला चटकन समजेल. उभ्या धाग्यातला एखादा तार तुटला तर कामगार माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे काम सुरू करतो. पण बीमभर तार तुटू लागले तर गाठी मारत बसण्यात अर्थ नसतो, मग सायझिंग, म्हणजे धाग्याला दिलेली खळ, बिघडले आहे का आणि ताण किती दिला आहे हे पाहावे लागते. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्ये हाच भेद शास्त्राच्या भाषेत मांडला. अमुक माणूस आजारी का पडला आणि अमुक समाजात आजाराचे प्रमाण इतके का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी निघू शकतात.

दुसऱ्या प्रश्नामागे लागलेल्यांत सँड्रो गॅलिया यांचे नाव ठळक आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीचा माग घेतला की हे शास्त्र कसे घडत गेले तेही कळते. त्यांचा जन्म माल्टा या भूमध्य समुद्रातल्या छोट्या देशातला. चौदाव्या वर्षी ते कुटुंबासह कॅनडात आले, टोरंटो विद्यापीठातून डॉक्टर झाले, कॅनडाच्या दुर्गम भागात त्यांनी रुग्ण तपासले आणि पुढे ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेतर्फे यादवीने पोळलेल्या सोमालियात काम केले. त्यानंतर त्यांनी हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांत जनस्वास्थ्याचे शिक्षण घेतले. एकेका रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर आकडेवारीकडे वळतो तेव्हा तो माणसांपासून दूर गेला, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मला ते मान्य नाही. जो रुग्ण दवाखान्याच्या दारापर्यंत कधीच पोहोचणार नाही त्याच्यापर्यंत जाण्याचा दुसरा मार्ग नाही.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा गॅलिया याच शहरातल्या न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिन या संस्थेत होते. हल्ल्यानंतर पाच ते आठ आठवड्यांच्या आत त्यांच्या गटाने मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण भागातील १,००८ प्रौढांच्या दूरध्वनीवरून मुलाखती घेतल्या. क्रमांक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कुणाचीही आवडनिवड आड येऊ न देता निवडले होते, आणि या पद्धतीमुळेच हजार माणसांच्या उत्तरांवरून लाखोंच्या वस्तीविषयी बोलता आले. ७.५ टक्के लोकांत पीटीएसडीची आणि ९.७ टक्क्यांत नैराश्याची लक्षणे आढळली. टक्केवारी लहान वाटते, परंतु त्या भागाच्या लोकसंख्येला लावली की पीटीएसडीचे अंदाजे ६७,००० आणि नैराश्याचे अंदाजे ८७,००० लोक होतात. एखाद्या शहराला किती समुपदेशक लागतील, हे अशाच आकड्यांवरून ठरवता येते. मनोऱ्यांच्या अगदी जवळ, कॅनॉल स्ट्रीटच्या दक्षिणेला राहणाऱ्यांत पीटीएसडीचे प्रमाण २० टक्के होते, म्हणजे घटनेच्या जवळ असण्याने फरक पडतो हे खरे.

मात्र या अभ्यासातला अधिक मोलाचा भाग पुढे आहे. ज्यांच्या आयुष्यात हल्ल्यापूर्वीच दोन किंवा अधिक ताणाचे प्रसंग येऊन गेले होते, ज्यांची चीजवस्तू नष्ट झाली, त्यांना पीटीएसडीचा धोका जास्त होता. ज्यांना आधार देणारी माणसे कमी होती, ज्यांची या घटनेमुळे नोकरी गेली, त्यांच्यात नैराश्य अधिक होते. घटना सगळ्या शहराची होती, पण तिचा घाव कुणाच्या मनात किती खोल जाईल हे त्या दिवसाच्या आधीच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरही ठरत होते. माझ्या मते या संपूर्ण ज्ञानशाखेचे मर्म इथे आहे.

सहा महिन्यांनी त्याच भागात पुन्हा पाहणी केली तेव्हा पीटीएसडीचे प्रमाण ७.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आले होते. पुढे जॉर्ज बोनॅनो आणि गॅलिया यांनी २,७५२ न्यूयॉर्कवासीयांच्या माहितीचे विश्लेषण केले. त्यातील ६५ टक्के लोकांत हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत पीटीएसडीचे एकही लक्षण नव्हते किंवा फार तर एक होते. माणसाचे मन आपण समजतो त्याहून चिवट असते, याचा हा भक्कम पुरावा आहे. पण एवढ्यावर थांबून ‘काळ हेच औषध’ असा निष्कर्ष काढला तर घोटाळा होतो, आणि तो का होतो हे न्यू ऑर्लिन्समध्ये दिसले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले, न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हार्वर्डचे रोनाल्ड केसलर, गॅलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळापूर्वी त्या पट्ट्यात राहणाऱ्यांची काही महिन्यांनी मुलाखत घेतली आणि साधारण वर्षाने त्याच माणसांना पुन्हा गाठले. न्यूयॉर्कचा अनुभव पाहता प्रमाण घटायला हवे होते. प्रत्यक्षात पीटीएसडी १४.९ टक्क्यांवरून २०.९ टक्क्यांवर गेला आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण २.८ वरून ६.४ टक्के झाले. पाणी तर केव्हाच ओसरले होते. वाढ कशामुळे झाली? विश्लेषणात असे दिसले की या वाढीचा मोठा वाटा वादळामुळे निर्माण होऊन अद्याप न सुटलेल्या अडचणींचा होता. मोडलेले घर, गेलेले काम, पांगलेले शेजारी, अडकलेली भरपाई यांनी माणसाला दररोज त्या आपत्तीतच उभे ठेवले. न्यूयॉर्कमध्ये बहुतेकांचे घर शाबूत होते आणि त्यांना पुन्हा कामावर जाता आले. न्यू ऑर्लिन्समध्ये जगण्याची घडीच विस्कटली होती. दोन्ही आपत्ती एकाच देशातल्या, काही संशोधकही तेच आणि निष्कर्ष असे उलट दिशांचे!

हे वाचताना सोलापूर, लातूर आणि धाराशिवच्या माणसाला किल्लारी आठवल्यावाचून राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, झोपेत असलेली गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि हजारो माणसे दगावली. जखमींना सोलापूरच्या रुग्णालयांतही आणले गेले. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली, ही मोठीच गोष्ट होती. मात्र जुन्या गावातल्या बोळांच्या आणि वाड्यांच्या जागी सरळ आखलेले रस्ते व ओळीने घरे आली, आणि पिढ्यान् पिढ्यांचा शेजार अनेक ठिकाणी बदलला. न्यूयॉर्कच्या अभ्यासात ज्याला सामाजिक आधार म्हटले आहे तो आपल्याकडे ओसरीवर, पारावर आणि नळाच्या रांगेत असतो. त्यामुळे तिथल्या मनांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने त्या पहाटेविषयी विचारून थांबता कामा नये. पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे काढले, नव्या घराशेजारी कोण आले आणि शेताची वाट किती लांबली, हेही विचारायला हवे.

अशी मुलाखत प्रत्यक्षात कशी होते, हे जवळून पाहिल्याशिवाय या कामातली अडचण ध्यानात येत नाही. विडी कामगार वस्तीतले एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणा. बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, ओलसर तेंदूपान कात्रीने कापून, चिमूटभर तंबाखू पसरून विडी वळत असते आणि तिची नजर हातांवरून हलत नाही, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि मुलाखतीच्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. सासू दारात, मुले आतबाहेर, शेजारीण उंबऱ्यावर. अशा वेळी ‘गेल्या महिन्यात जगणे नकोसे वाटले का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. चांगला पाहणीकर्ता अशी प्रश्नावली तिथेच थांबवतो, एकांत मिळेल अशी वेळ विचारून घेतो आणि परत येतो. तो आधी संमती घेतो, घटनेचा तपशील विनाकारण उकरून काढत नाही, आणि होकार मिळालाच तर त्या बाईला कुठे पाठवायचे याची सोय आधीच करून ठेवतो. मदतीची व्यवस्था हाताशी नसताना केवळ आकड्यांसाठी असे प्रश्न विचारणे योग्य नाही, यावर या क्षेत्रातल्या जाणत्यांचे एकमत आहे.

दुसरी अडचण आहे जुन्या नोंदींची. आपत्ती सांगून येत नाही, म्हणून आपत्तीपूर्वी लोकांची मनःस्थिती कशी होती हे बहुधा कुणी मोजलेले नसते आणि नंतरचा आकडा कशाशी ताडून पाहायचा हेच कळत नाही. कोविडच्या वेळी अमेरिकेत असा आधार उपलब्ध होता. कॅथरीन एटमन, गॅलिया आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार नैराश्याची लक्षणे असलेल्या प्रौढांचे प्रमाण साथीपूर्वी ८.५ टक्के होते, ते २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या काही आठवड्यांत २७.८ टक्के झाले, आणि वर्षभराने त्याच लोकांना विचारले तेव्हा ३२.८ टक्के निघाले. ज्यांच्याकडे ५,००० डॉलरपेक्षा कमी शिल्लक होती त्यांना धोका अधिक होता. बँकेतल्या शिलकीचा आणि मनाच्या आजाराचा संबंध असा आकड्यांत मांडला गेला, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. टाळेबंदीत सोलापूरच्या विडी कारखान्यांतून पाने आणि तंबाखू मिळणे थांबले, यंत्रमाग थंडावले. ज्या घरात रोजची मजुरी हीच शिल्लक असते, तिथे त्या महिन्यांचा भार किती पडला असेल याचा अंदाज करता येतो. मोजमाप मात्र अंदाजावर भागत नाही.

इथे एक भेद सांभाळायला हवा. लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, हजारो घरांचा पगार थांबला, पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दुष्काळाने कर्जे वाढवली. हे सारे भयंकर असले तरी शास्त्रीय व्याख्येत तो ‘आघात’ बसत नाही, तो दीर्घकाळचा ताण आहे. त्यातून अधिक करून नैराश्य, चिंता आणि व्यसन वाढते. पण अशा ताणाने पोखरलेल्या घरावर पूर किंवा अपघाती मृत्यू कोसळला तर त्या घराला पीटीएसडीचा धोकाही जास्त, हे न्यूयॉर्कच्या अभ्यासातून आपण पाहिले. दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजाव्यात आणि एकत्र वाचाव्यात.

भारतात अशी मोजणी किती झाली आहे? बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. किल्लारी, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या, मुंबईतले बॉम्बस्फोट एवढे पाहिलेल्या राज्याचे नाव त्या यादीत नसावे, याची खंत वाटते.

उपायांबाबतही अशा अभ्यासांनी काही समजुती मोडल्या आहेत. आपत्तीनंतर लगेच माणसाला गाठून त्याला घडलेले सगळे एका बैठकीत बोलायला लावायचे, ही पद्धत एके काळी लोकप्रिय होती. तिच्यामुळे पीटीएसडी टळत नाही आणि काहींना उलट त्रास होऊ शकतो, असे चाचण्यांत दिसले. त्याऐवजी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. माणूस सुरक्षित आहे का ते पाहायचे, त्याला बोलायचे असेल तेवढेच ऐकायचे आणि अन्न, निवारा, नातलग, डॉक्टर यांच्याशी त्याची गाठ घालून द्यायची, एवढे ती सांगते. हे आशा सेविकेला किंवा शिक्षकाला सहज शिकवता येते. गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी हेच दाखवून दिले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते १८ महिन्यांत २७.२ टक्के झाले.

मात्र न्यू ऑर्लिन्सचा अनुभव गंभीरपणे घेतला तर समुपदेशनाइतकेच महत्त्व भरपाईच्या तारखेला द्यावे लागेल. पंचनामा झाल्यापासून पैसे खात्यावर जमा होईपर्यंतचे दिवस, तात्पुरत्या निवाऱ्यातला मुक्काम, बंद पडलेली शाळा पुन्हा भरण्याचा दिवस, या बाबी महसूल खात्याच्या कागदांत असतात आणि त्या मानसिक आरोग्याच्याही बाबी आहेत. सीनाकाठच्या गावांत यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या घरांना ठरावीक अंतराने दोन-तीन वेळा भेटून, त्यांच्या मनःस्थितीची नोंद आणि मदत मिळाल्याच्या तारखा शेजारीशेजारी मांडल्या, तर उशिराची किंमत मनाला किती मोजावी लागते हे आपल्याच जिल्ह्याच्या आकड्यांत सांगता येईल. अशा अभ्यासाला यंत्रसामग्री लागत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली माणसे लागतात, आणि ती सोलापुरात आहेत.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना एवढे सांगता येईल की इथे येण्यासाठी डॉक्टरच असावे लागते असे नाही. मनोविकारशास्त्र किंवा जनऔषधवैद्यकशास्त्रात एमडी करून येणारे आहेत, तसेच संख्याशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य यांतून येणारेही आहेत. निम्हान्स, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्याविज्ञान संस्था येथे पुढचे शिक्षण मिळते. संख्याशास्त्र कच्चे ठेवून मात्र चालत नाही. आणि ज्यांना आज स्वतःसाठी किंवा घरच्या कुणासाठी मदत हवी असेल, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येते.